ड्रॅगनची परतभेट

तानाबे, ३ सप्टेंबर १९८४

हिदेमासास,

हवेबद्दल लिहीत नाही. हवा तिथेही आहे, खिडकी उघडून बघ.

तुझ्या बापाने परवा जेवताना जाहीर केलं की नव्या वर्षाच्या आत तू टोक्यो सोडून घरी आला नाहीस, तर तो मिनाबेच्या साकामोतोंच्या धाकट्याला दत्तक घेईल आणि दुकान त्याच्या नावावर करील. कुसुमोतोंच्या घरात उमेची आंबट फळं खारवून पाच पिढ्या विकली जातात, सहावी पिढी बाहेरून आणावी लागली तर आणू, असं म्हणाला आणि आणखी भात मागितला. साकामोतोंचा धाकटा तू पाहिला आहेस. त्याला उमे आणि जर्दाळू यांतला फरक चावल्यावरही कळत नाही.

तू इंजिनिअरिंगचं कॉलेज सोडून मित्रांबरोबर संगणकाचे खेळ बनवतोस, हे तुझ्या बापाने, तामेजिरोने, गावात अजून कुणाला कळू दिलेलं नाही. तू 'विजेच्या कामात' आहेस असं सांगतो. त्यामुळे शेजारच्या कासुगाबाई त्यांचा फ्रिज तुझ्यासाठी बिघडलेला ठेवून बसल्या आहेत.

तर मी मध्ये पडले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण बोलावण्याची वाट बघत बसले असते तर आयुष्यात कुठेच गेले नसते. मी तामेजिरोला म्हटलं, उत्तरपत्रिका न वाचता नापास करणं बरं नाही. पोराचा खेळ मी खेळते. वर्षअखेरपर्यंत मी तो शेवटापर्यंत नेला आणि त्यात अक्कल दिसली, तर पोरगा टोक्योत राहील आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. मला जमलं नाही, तर तो मुकाट घरी येईल. तामेजिरो लगेच हो म्हणाला. मी दोन दिवसांत कंटाळेन असं त्याला वाटतं. तुझ्या वतीनेही मीच हो म्हटलं आहे. विचारण्यात एक तिकीट वाया गेलं असतं.

अट अशी की उत्तरं तू सांगायची नाहीस. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला. कॉपी करणारी आणि करू देणारी, दोघींना मी एकाच दाराने बाहेर काढत असे.

ओबोनला, पितरांच्या सणाला, स्वतः येण्याऐवजी तू जी कॅसेट पाठवलीस, ती काल माझ्या टेपरेकॉर्डरवर लावली. बिघडलेली आहे. दोन्ही बाजूंना कुणीतरी सलग किंचाळतंय. शेजारचा कुत्रा अजून अंगणात पाय ठेवत नाही. चांगली पाठव.

किनुयो आत्या


टोक्यो, ८ सप्टेंबर १९८४

आत्या,

सांगितल्याप्रमाणे खिडकी उघडली. खालच्या खानावळीत वाम मासा भाजतात, त्याचा धूर आत आला. आमची कंपनी तिच्या माळ्यावर आहे हे मी बाबांना सांगितलेलं नव्हतं, तुम्हीही सांगू नका.

कॅसेट चांगली आहे. ते किंचाळणं म्हणजेच खेळ. तो माणसाने ऐकायचा नसतो, संगणकाला ऐकवायचा असतो. माझा संगणक माझ्या जुन्या खोलीत असेल. त्याला टेपरेकॉर्डर जोडा, दुसऱ्या बाजूने टीव्ही जोडा, कॅसेट लावा आणि चहा करून या. चहा पिऊन होईपर्यंत टीव्हीवर किल्ला दिसेल. न दिसल्यास कॅसेट उलटी गुंडाळून पुन्हा लावा आणि पुन्हा चहा करा.

तुम्ही माझ्या वतीने केलेला करार वाचला. आत्या, हा खेळ कठीण आहे. मुद्दाम तसा केला आहे. आमचा मालक ओगिवारा (वय चोवीस, कंपनीतला एकमेव टाय त्याच्याकडे असतो, म्हणून तो मालक) म्हणतो की लवकर संपणारा खेळ ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आमच्यातलेही सगळे शेवटच्या ड्रॅगनपर्यंत पोचलेले नाहीत. नोव्हेंबरच्या मध्यावर मूळ कॅसेट प्रती काढायला जाईल, वर्षअखेरीला खेळ दुकानांत येईल, आणि नेमकी तेव्हाच मी साकामोतोंच्या धाकट्याला हटवायला गावी निघालेला असेन.

गोष्ट अशी आहे. काळ्या ड्रॅगनने रुबेला नावाच्या राजकन्येला पळवलं आहे. तुम्ही एक शूर वीर आहात. जे करायचं ते कळफलकावर शब्दांत लिहायचं: 'घे', 'दे', 'मार', 'बोल'. बाकी काही सांगत नाही, फक्त एवढंच की गावातून बाहेर पडल्यावर उजवीकडे

हिदेमासा


तानाबे, २६ सप्टेंबर १९८४

हिदेमासास,

तुझ्या पत्रात 'उजवीकडे'च्या पुढे जे काही होतं ते मी न वाचता कात्रीने कापलं आणि चुलीत घातलं. पुन्हा असं केलंस तर करार रद्द.

तुझा संगणक सापडला. तुझ्या बापाने त्यावर उमे वाळवायच्या चटयांची चळत रचली होती. कळफलकाच्या फटींत मीठ आहे, पण बटणं चालतात. घरात टीव्ही एकच, दुकानामागच्या खोलीतला, ज्यावर तामेजिरो सुमो बघतो. म्हणून सप्टेंबरची स्पर्धा संपेपर्यंत मला हात लावता आला नाही. ती संपल्यावर संगणक खाली आणला, रेकॉर्डर जोडला, चहा केला. किल्ला दिसला.

आता परीक्षकाचे शेरे.

एक तर, रुबेला हे नाव कुणी ठेवलं? तो लहान मुलांना होणारा पुरळाचा रोग आहे. ताप येतो, कानामागे गाठी येतात. त्या ड्रॅगनची मला काळजी वाटते.

आपल्या देशात काय किल्ले कमी होते की तुम्ही विलायतेतला आणलात? आणि वीर घरात शिरताना बूट काढत नाही. न विचारता लोकांच्या पेट्या उघडतो, मुळ्या उचलतो, आणि घरमालक समोर उभा राहून 'आज हवा छान आहे' म्हणतो. दरोडेखोराला तुम्ही वीर म्हणता.

पहिल्या गावाच्या वेशीबाहेर एक निळा लिबलिबीत गोळा आहे. त्याने मला मारलं. मी पुन्हा गेले. पुन्हा मारलं. किती वेळा ते लिहीत नाही, तू मित्रांना सांगशील. एवढं शिकून एका खरवसाच्या वडीकडून मरणं मला शोभत नाही.

तामेजिरो हिशेबाचं निमित्त करून खोलीत बसतो आणि टीव्हीकडे पाठ करतो. पाठ करून सगळं बघतो. काल पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सुरुवातीलाच गावप्रमुख वीराला एक तलवार देतो, त्याने ती पुन्हा दिली, मी ती घेतली आणि वेशीकडे निघाले. मागून तामेजिरोने विचारलं, "काय दिलंस त्याला?"

मी म्हटलं, कुणाला?

"ज्याने तलवार दिली त्याला. परतभेट काय दिलीस?"

मी म्हटलं, ते चित्र आहे.

"चित्र असेल. तू तर कुसुमोतोंच्या घरातली आहेस ना? एवढी तलवार घ्यायची, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मग गोळा मारेल नाहीतर काय करेल?" आणि खातेवही मिटून झोपायला गेला.

तुझा बाप कसा आहे ते तुला माहीत आहे. टोफूवाल्याने कॅलेंडर फुकट दिलं तर त्याच्या अर्ध्या किमतीची उमे दुसऱ्या दिवशी टोफूवाल्याच्या दारात पोचतात. मिळालेल्या भेटीची अर्धी परत करायची, ही रीत सगळा देश पाळतो, पण तुझा बाप ती आजारासारखी पाळतो.

आत्या


टोक्यो, २ ऑक्टोबर १९८४

आत्या,

रुबेलाबद्दलचं तुमचं वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं. ओगिवाराने शब्दकोश काढला, बघितला, मिटला आणि जिन्यात जाऊन बसला. नाव त्यानेच ठेवलं होतं, विलायती आणि नाजूक वाटतं म्हणून. खोक्यांवर ते छापून झालं आहे, सोनेरी अक्षरांत. परत आल्यावर म्हणाला की औषधशास्त्रासाठी खेळ कुणी विकत घेत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला की तुझी आत्या आमच्याकडे नोकरी करील का. मी म्हटलं, तिला टाय आवडत नाहीत.

तुम्ही गोळ्याकडून मरता आहात हे वाचून काय वाटलं ते लिहीत नाही. ऑक्टोबर लागला आणि तुम्ही अजून वेशीवर आहात. पुढे दोन जंगलं, एक दलदल आणि अख्खा डोंगर आहे. इथे मी नीट काम करतो आहे, आत्या. हा खेळ चांगला आहे. मला तो बनवता येतो, आणि दुसरं काही मला इतकं बरं येत नाही. उमे खारवणं तर नाहीच. आठवतं ना, ज्या वर्षी मी मीठ मोजलं त्या वर्षी बाबांनी सगळी पिंपं नदीकाठच्या शेतात पुरली होती?

उजवीकडे काय आहे ते तुम्ही जाळलंत. ठीक आहे.

हिदेमासा


तानाबे, १४ ऑक्टोबर १९८४

हिदेमासास,

थोडक्यात लिहिते, दुकानात गडबड आहे.

मी अद्याप पहिल्याच गावात आहे. तलवारीच्या अर्ध्या मोलाच्या औषधी मुळ्या गोळा करून गावप्रमुखसाहेबांना नेऊन दिल्या. त्यांनी आपला मान राखून त्यातल्या अर्ध्यापेक्षा किंचित कमी मुळ्या परत दिल्या. अर्ध्यापेक्षा किंचित कमी, म्हणजे देणाऱ्याला ओशाळं वाटू नये. माणूस जुन्या वळणाचा दिसतो. अर्थात ते तसंच ठेवून घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यातल्या अर्ध्या मी परत नेऊन दिल्या. त्यावर त्यांनी पुन्हा दिल्या. हे बरेच दिवस चाललं आहे. दोघांपैकी कुणीही आधी थांबायला तयार नाही.

काही सूचना. भेटीला कागद गुंडाळायची सोय खेळात नाही, ती हवी. भेट दोन्ही हातांनी द्यावी. तुमचा वीर एकाच हाताने देतो. गावप्रमुखसाहेबांच्या घराला पादत्राणं काढायची जागा दाखवावी.

गोळ्याकडे सध्या जायला वेळ नाही.

आत्या


टोक्यो, १९ ऑक्टोबर १९८४

आत्या,

मी शाळेत जायला लागलो तेव्हा तुम्ही मला दप्तर दिलं होतं. आईने रीतीप्रमाणे परतभेट पाठवली. ती तुम्ही 'हा पसारा कशाला' म्हणून दारातूनच परत पाठवलीत, आणि वर चिठ्ठी लिहिलीत की या वेळात पोराला पाढे शिकवले असते तर बरं झालं असतं. आई ती चिठ्ठी लोकांना वाचून दाखवायची.

आणि आता तुम्ही एका चित्रातल्या म्हाताऱ्याला 'गावप्रमुखसाहेब' म्हणता आहात आणि त्याच्याशी मुळ्यांची देवाणघेवाण करता आहात.

कळफलकावर कोण बसतं?

हे मी गंमत म्हणून विचारत नाही. 'दे' हा शब्द आम्ही खेळात फक्त दुकानदारांसाठी ठेवला होता. गावप्रमुखाला कुणी काही देऊन बघेल हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. इथे सगळे तलवार घेतात आणि पळत सुटतात. तुमचं पत्र वाचून मी प्रोग्रॅम उघडला. संगणकात जागा फार थोडी, म्हणून मी सगळ्या पात्रांना एकच वागणूक लिहून ठेवली होती: ज्याला काही द्याल, तो त्याच्या अर्ध्याहून एक कमी परत देईल. ओगिवाराने ते बघून विचारलं की हे का लिहिलंस, नुसतं 'धन्यवाद' म्हणाला असता तरी चाललं असतं. ज्याला काही दिलं आणि त्याने काहीच परत दिलं नाही, असा माणूस लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आलाच नाही.

आत्या, ही देवाणघेवाण थांबवा. अर्ध्याचं अर्धं करत करत तुम्ही एका मुळीवर आलात की काय होईल ते मी तपासलेलं नाही. आणि कोण बसतं ते कळवा.

हिदेमासा


तानाबे, ४ नोव्हेंबर १९८४

हिदेमासास,

तुझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच एक मुळी उरली होती.

ती गावप्रमुखाला दिली. तो नेहमीसारखा वाकला, आणि पासष्ट हजारांवर मुळ्या परत दिल्या. टीव्हीवर आकडा मावेना. शेवटचा अंक किल्ल्याच्या भिंतीवर जाऊन बसला.

आता खरं लिहिते. मागचं पत्र माझ्या अक्षरात असलं तरी मजकूर माझा नव्हता. सांगणार नाही असं मी वचन दिलं होतं आणि ते पाळण्याचा प्रयत्न केला. पण खोटं लिहिण्याचा सराव नसला की ते वाईट होतं, हे तू दाखवून दिलंस. कळफलकावर तुझा बाप बसतो. सुमोची स्पर्धा संपल्यापासून त्याच्या संध्याकाळी रिकाम्या होत्या. एकदा मला म्हणाला, सरक जरा, तुला देता येत नाही. तेव्हापासून मी चहा करते.

त्या आकड्याने तो घाबरला. इतकी मोठी परतभेट म्हणजे एकतर चूक किंवा अपमान, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चूक पोराची असणार, तू पुढे जा. तो वेशीबाहेर गेला. गोळा पुढे आला. तामेजिरोने त्याला मुळी दिली. गोळ्याने परतभेट द्यायचा प्रयत्न केला आणि मेला. आम्ही दोघं टीव्हीकडे बघत राहिलो. पुढे जंगलात लांडगे भेटले, त्यांना मुळ्या दिल्या. तेही गेले. दलदलीतली चेटकीण गेली. तुझ्या बापाने अख्ख्या खेळात तलवार एकदाही उपसली नाही. प्रत्येकापुढे वाकायचा (टीव्हीपुढे खरोखर वाकतो), दोन्ही हातांनी बटणं दाबायचा आणि भेट द्यायचा.

ड्रॅगनपर्यंत पोचलो तेव्हा कासुगाबाई फ्रिजचं विचारायला आल्या होत्या, त्याही बसल्या. ड्रॅगन मोठा, काळा, तुमच्या चित्रकाराने त्याला दात जास्त काढले आहेत. त्याने आग ओकली. वीर जवळजवळ मेला. तामेजिरोने मुळ्यांचा अर्धा साठा त्याला देऊन टाकला. ड्रॅगन थांबला. टीव्हीवर आलं, 'ड्रॅगन परतभेट देत आहे'. मग त्याचा जीव दाखवणारी पट्टी घसरत घसरत संपली आणि तो पडला. राजकन्या बाहेर आली. पुरळ नव्हता.

कासुगाबाई म्हणाल्या, बिचारा. तामेजिरो म्हणाला, "ऐपत नसताना दिलं त्याने. पण दिलं."

आता वाईट बातमी. मी म्हटलं, खेळ संपला, वर्षअखेर अजून लांब आहे, पोरगा जिंकला. तर तुझा बाप म्हणतो, करार किनुयोने खेळ संपवण्याचा होता. किनुयो गोळ्याकडून मेली. खेळ मी संपवला. करार मोडला. पोराने घरी यावं.

मी त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण मुद्दा त्याचा बरोबर आहे, आणि नियम मीच घातले होते.

आत्या


टोक्यो, ८ नोव्हेंबर १९८४

आत्या,

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. ड्रॅगनपाशी आलो तेव्हा खानावळीचा आचारीही वर आला होता.

काय झालं ते सांगतो. एका मुळीचं अर्धं माझ्या संगणकाला मोजता येत नाही, तो शून्य धरतो. मी त्यातून आणखी एक वजा करायला सांगितलं होतं. शून्याच्या खाली उतरायला त्याच्याकडे पायरीच नाही, म्हणून तो उलटा फिरून सगळ्यात वरच्या आकड्यावर जाऊन बसला, मीटरचा काटा मागे फिरवावा तसा. ड्रॅगनचं निराळं. त्याच्याजवळ मुळ्या नव्हत्या, जीव सोडून दुसरं काहीच नव्हतं, म्हणून परतभेट जिवातून गेली. दोन्ही चुका माझ्या. ओगिवारा म्हणतो की आमच्या ड्रॅगनला आजवर इतक्या क्रूरपणे कुणी मारलं नव्हतं.

मूळ कॅसेट पुढच्या आठवड्यात जाणार. ड्रॅगनची चूक ठेवायची असं सगळ्यांचं मत पडलं. कुणाला सापडली तर त्याचं नशीब. पण गावप्रमुखाची काढावी लागेल, नाहीतर पहिल्या गावातच खेळाची हवा जाते.

कराराबद्दल. बाबा बरोबर आहेत. मी भांडणार नाही. वर्षअखेरीला खेळ दुकानांत गेला की सामान बांधून निघेन. साकामोतोंकडे निरोप गेला असेल तर थांबवा. ओगिवाराला सांगितलं. तो जिन्यात जाऊन बसला आहे.

जायच्या आधी एकच काम नीट करायचं आहे, आणि ते बाबांना विचारल्याशिवाय जमणार नाही. चूक काढायची तर गावप्रमुखाला कुठेतरी थांबवावं लागेल. नुसतं 'आता पुरे' म्हणायला लावलं तर वाईट दिसतं, मी लिहून बघितलं. बाबा जन्मभर परतभेटी देत आले आहेत. त्यांना विचारा: दोन माणसं अशी अर्ध्याचं अर्धं करत आली आणि शेवटी एकच मुळी उरली, तर ज्याच्या हातात ती आहे त्याने काय करायचं?

उत्तर लवकर हवं. हे खेळाचं उत्तर सांगणं नव्हे, त्यामुळे कात्री लावू नका.

हिदेमासा


तानाबे, ११ नोव्हेंबर १९८४

श्री. हिदेमासा कुसुमोतो यांस,

थंडी वाढू लागली आहे. पूर्वेकडच्या डोंगरांवर धुकं असतं. तिथे सर्वांचं कुशल असेल अशी आशा आहे. आमच्याकडे ठीक आहे. यंदाची उमे बरी उतरली.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. शेवटी एकच उरलं की ते द्यायचं नसतं. समोरच्याला बस म्हणायचं, चहा टाकायचा आणि ते एक दोघांनी मिळून खायचं. मग देण्याघेण्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही. तुझ्या आजोबांचं आणि टोफूवाल्याच्या बापाचं असंच मिटलं होतं. गावप्रमुखाला तसं म्हणायला लाव. खेळात चहा नसेल तर घाल.

दुसरी गोष्ट. किनुयोने केलेला करार मोडला आहे. त्यामुळे आता नव्याने ठरवावं लागेल. मी विचार केला तो असा. मी टोक्योला अख्खा मुलगा दिला. टोक्योकडून आजवर परतभेट आलेली नाही. ही मोठ्या शहराला न शोभणारी गोष्ट आहे. रीतीप्रमाणे अर्धा मुलगा परत यायला हवा. जूनमध्ये उमे उतरवायला लागलो की यायचं, आणि वाळवण पुरं होऊन पिंपं भरेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर लागेपर्यंत, राहायचं. ते वर्षाच्या अर्ध्याहून किंचित कमी भरतं. तेवढं बरोबर आहे. बाकीचं वर्ष त्यांनी ठेवावं. तू मीठ मोजायचं नाहीस.

साकामोतोंना 'नाही' असं कळवलं आहे. कासुगाबाईंना मी सांगितलं की माझा मुलगा खेळ बनवतो आणि फ्रिज दुरुस्त करत नाही. त्यांनी तो फ्रिज तसा गेल्या आठवड्यातच दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतला होता.

तुमचे मालक श्री. ओगिवारा यांना उमेचं एक लहान पिंप वेगळं पाठवलं आहे. जिन्यात बसून खाऊ नयेत, ओल लागते. त्यांनी परतभेट पाठवली तर चालेल. अर्ध्याहून जास्त नको.

क्यूशूची सुमो स्पर्धा आजपासून सुरू झाली. टीव्ही परत घेतला आहे.

तामेजिरो कुसुमोतो


(त्याच कागदाच्या पाठीवर)

हिदेमासा, तुझा बाप हे लिहायला सकाळपासून बसला होता. दुकान उघडलं नाही. पहिली कुस्तीही बुडाली.

करार मोडला, म्हणजे उत्तरं न सांगण्याची अटही मोडली. गावातून बाहेर पडल्यावर उजवीकडे काय आहे? स्पर्धा संपायच्या आत कळव. त्या गोळ्याला मी तलवारीनेच मारणार आहे.

आत्या